चौथं नाव

गुरुजी, या वर्षी सव्वीस जानेवारीला मी तुमचा नियम मोडला. लपूनछपून नाही. दिवसाउजेडी, माइकवर, दोन्ही संघ रांगेत उभे असताना आणि तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर मोडला. तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं होत आली. तुमच्या पश्चात गावात तुमचं नाव घेणारे पुष्कळ आहेत. त्यांना विचाराल तर ते सांगतील, की बाई उद्धट झाली, उल्हासनगरला पाच मशिनी टाकल्या म्हणून हिच्या डोक्यात हवा गेली. म्हणून म्हटलं, आपणच सगळं सुरुवातीपासून लिहून काढावं. तुम्ही शिकवलेल्या अक्षरात.

मी ओढ्यापलीकडच्या बौद्धवाडीतली. माझे बाबा फौजेत लंगरी होते, पलटणीचा स्वयंपाक करायचे. एकाहत्तरची लढाई थांबली आणि त्यानंतर आठव्या दिवशी, वर बर्फात बसलेल्या चौकीवर गरम जेवण पोचवताना ते गेले. पाठीवर डाळीचा डबा बांधलेला होता आणि पायाखालचा बर्फ सुटला. सोबतचा माणूस वाचला, त्यानंच पुढे आईला पत्र लिहून हे कळवलं. सरकारी कागदावर मात्र एवढं काही नव्हतं. तिथे एकच शब्द होता, अपघात. मी तेव्हा तीन वर्षांची होते. मी दुसरीत गेले त्या वर्षी तुम्ही सव्वीस जानेवारीचा क्रिकेटचा सामना सुरू केलात. त्या लढाईत पंचक्रोशीतले तिघे गेले होते, असं तुम्ही म्हणायचात. त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं गावाच्या मनात होतं आणि कोणी पुतळ्याची गोष्ट काढली, तेव्हा तुम्ही म्हणालात, की पुतळ्यावर कावळे बसतात. त्यापेक्षा वर्षातून एक दिवस पोरं त्यांच्या नावानं खेळू देत, घाम गाळू देत, खाली पडू देत. मग भात कापून रिकामी झालेली खाचरं, मधले दोन बांध फोडून एक केलेली, आणि मधोमध शेणमातीनं सारवून धोपटलेली पट्टी. टेनिसचा चेंडू. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला सगळ्या वाड्या मिळून. शाळेचा फळा बाहेर आणून झाडाला टेकवायचात आणि त्यावर खडूनं तीन नावं लिहायचात, वळणदार, एकेक अक्षर दोन दोनदा गिरवून. ती मोठ्यानं वाचायचात. दोन मिनिटं सगळे उभे. मग टॉस. तुम्हीच अंपायर, आणि तुमच्या बोटापुढे कोणाचं काही चालायचं नाही.

सातवीत तुम्ही मला धावांच्या वहीवर बसवलंत. मुलीला बसवलं म्हणून गावातले दोघेतिघे कुरकुरले. तुम्ही म्हणालात, हिची बेरीज चुकत नाही, तुमच्या पोरांची चुकते, आणि विषय संपवलात. महिनाभर आधी मला शाळा सुटल्यावर थांबवून शिकवलंत. ठिपका म्हणजे काय, वाइडची धाव कुणाच्या खात्यात जात नाही, बाद झालेल्याच्या नावापुढे कसं लिहायचं. आणि एक पेन्सिल दिलीत, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. चौकार लालनं, विकेट निळ्यानं. अशी पेन्सिल मी तोवर फक्त तुमच्या खिशात पाहिलेली. घरी आणली तेव्हा आईनं ती हातात घेऊन दोन्ही टोकं नीट निरखली आणि विचारलं, "गुरुजींनी दिली? मागितली तर नाहीस ना?" मी म्हटलं, नाही गं, आपणहून दिली. तिला केवढं बरं वाटलं ते तिच्या तोंडावर दिसलं.

आता तो दिवस. तुम्ही विसरला असाल, मी नाही विसरले. सकाळची कोवळी उन्हं आहेत, मी शाळेतून आणलेल्या बाकावर बसलेय, मांडीवर वही. पहिल्या पानाची तुमची ठरलेली रीत, वर तारीख, खाली तिघांची नावं, त्याखाली दोन्ही संघ. मी तीन नावं लिहिते आणि चौथ्या ओळीत बाबांचं नाव लिहिते. चुकून नाही. आठवडाभर माझ्या मनात तेच होतं. टॉस करून तुम्ही वही बघायला येता. चष्मा कपाळावरून खाली घेता.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"का?"

"माझे बाबा पण फौजेत गेले."

"गेले. पण लढाई थांबल्यावर गेले. कागदावर अपघात लिहिलंय, मी स्वतः वाचलाय तो कागद. हा सामना लढताना गेलेल्यांसाठी आहे." तुमचा आवाज वर चढलेला नाही. वर्गात भागाकार समजावता तसा आहे. "वहीत जे घडलं तेच लिहायचं, पोरी. मनातलं नाही. नाहीतर उद्या चार धावांच्या सहा लिहिशील."

आणि तुम्ही खिशातून खोडरबर काढून ते नाव खोडलंत. सगळ्यांच्या देखत. हळूहळू, कागद फाटू न देता, वर फुंकर मारून. तुम्ही पान टरकावलं असतंत तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. तुम्ही ते इतकं नीट खोडलंत, की मला रडताच आलं नाही. मी पेन्सिल बाकावर ठेवली, उठले आणि ओढा ओलांडून घरी गेले. मागून तुम्ही एकदाच हाक मारलीत. मी वळले नाही. त्या वर्षी धावा लिहायला कोणी नव्हतं. गाव म्हणालं आम्ही चारांनी जिंकलो, वाड्या म्हणाल्या बरोबरी झाली, त्यावरून धक्काबुक्की झाली आणि सामना कुणीच जिंकला नाही. मला ते कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. अजूनही आठवलं की होतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या घरी आलात. गावातून ओढा ओलांडून आमच्या चुलीपाशी बसून जेवणारे तुम्ही एकटेच होतात, हे मी कधी विसरले नाही आणि कोणाला विसरू दिलं नाही. आई भाकऱ्या थापतेय, तव्यावर सुकट परततेय, धुरानं तुमचे डोळे चुरचुरतात आणि तुम्ही पाटावर मांडी घालून बसलात. मी कोपऱ्यात. आई म्हणाली, "गुरुजी, पोर लहान हाय. मनावर घेऊ नका." तुम्ही म्हणालात, "लहान नाही, हुशार आहे. हिला बदलापूरला हायस्कुलात घालायचं. दाखल्याचं मी बघतो." नावाबद्दल एक अक्षर नाही. माझ्याकडे पाहिलंतही नाही. दुसरी भाकरी मागून घेतलीत, पाणी प्यालात आणि निघालात. जूनमध्ये मला एसटीत बसवून बदलापूरला घेऊन गेलात. हायस्कूलच्या कारकुनानं वडिलांचा धंदा विचारला, तर मी तोंड उघडायच्या आत तुम्ही ठणकावून सांगितलंत, "मयत. फौजेत होते." इतक्या जोरात की कारकुनानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि बसायला स्टूल दिलं. मला कळेना, बदलापुरात ज्या माणसाबद्दल तुम्ही छाती काढून बोलता, त्याचं नाव गावात खोडता कसं.

आईला ते कधीचंच कळलं होतं, किंवा तिनं कळून घ्यायचं सोडून दिलं होतं. सामन्याच्या दिवशी ती सकाळीच कोयता घेऊन रानात जायची, लाकडाची मोळी आणायला. इतर दिवशी चार बाया मिळून जायच्या, त्या दिवशी एकटी. म्हणायची, तिकडं भोंग्याचा आवाज येत नाही. आवाज यायचा. मी एकदा तिच्यामागून गेले होते, तेव्हा डोंगराच्या सोंडेपर्यंत तुमचं नावं वाचणं ऐकू आलं होतं. ती उभी राहून तिन्ही नावं ऐकत होती आणि तिसरं झाल्यावर तिनं कोयता चालवायला घेतला. पुढे मी मोठी झाल्यावर तिला विचारलं, तुला वाटत नाही त्यांचं नाव यावं? "वाटतं," ती म्हणाली, "पण मागायचं नाही. मागून मिळालेलं मला नको." ती आठ वर्षांपूर्वी गेली, माझ्याच घरी. ते शेवटपर्यंत तिनं मागितलं नाही.

मी मागितलं, गुरुजी. तुमचं ऐकलं नाही तसं आईचंही ऐकलं नाही.

दहावीनंतर लग्न होऊन मी उल्हासनगरला आले हे तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही अक्षता टाकायला आला होतात. पुढचं ठाऊक नाही. कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला लागले. मग शिलाई, मग कटिंग. कटिंगच्या टेबलावर तेव्हा बाई नसायची. शेठ म्हणाला, औरत से माप बिगड़ेगा. मी त्याला कापडाच्या एका ताग्यात त्याच्या कटिंग मास्तरापेक्षा दोन पँटी जास्त काढून दाखवल्या. तुमची बेरीज तिथे उपयोगी पडली. आता कॅम्प चारमध्ये माझा स्वतःचा गाळा आहे, पाच मशिनी आहेत, नावं छापायचं गरम प्रेस आहे. दहीहंडीची पथकं, गणपतीची मंडळं, क्रिकेटचे संघ, सगळ्यांचे टी-शर्ट मी करते. आणि या डिसेंबरात त्या गाळ्यात गावचा एक तरुण आला. अंबरनाथला कंपनीत सुपरवायझर आहे, वाड्यांच्या संघाचा कॅप्टन. मी त्याच्या आईला ओळखते, तो मला ओळखत नव्हता. सामन्याचं पन्नासावं वर्ष आहे म्हणून यंदा दोन्ही संघांना टी-शर्ट करायचे ठरले होते.

"मावशी, बॅकला खेळणाऱ्याचं नाव नको. शहिदांची नावं पायजेत, तिन्ही, एकाखाली एक. एकदम बोल्ड. रिस्पेक्ट वाटला पायजे."

मी कागद घेतला. तीच तीन नावं, तुमच्याच क्रमानं. मी विचारलं, "आणि चौथं?"

"चौथं कुठं हाय? बोर्डावर तर तीनच हायत."

"माझ्या बाबांचं," मी म्हटलं, आणि त्याला सगळं सांगितलं. बर्फ, डाळीचा डबा, खोडरबर. तो खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत राहिला. मग म्हणाला, "मावशी, आपल्याला काय प्रॉब्लेम नाय. पण कमिटी बोलेल गुरुजींचा नियम हाय." मी म्हटलं, मग कमिटीलाच भेटते. शेजारच्या गाळ्यातले सिंधी काका कापडाचा हिशोब घेऊन आले होते, ते दारातून म्हणाले, "दीदी, छाप दो ना सीधा. कपड़ा मेरा, मशीन आपका, नाम आपके बाप का. इसमें कमिटी किधर से आ गई?" आम्ही तिघंही हसलो. पण मला ते तसं चोरून छापायचं नव्हतं. तुमच्या नियमाला समोरून भिडायचं होतं.

कमिटी शाळेच्या ओट्यावर बसली. सहा पुरुष आणि मी. अध्यक्ष कोण, सांगते. तुमचा लाडका फास्ट बोलर, मी वही टाकून गेले त्या दिवशी पहिली ओव्हर टाकणारा. आता टक्कल पडलंय, गुडघे दुखतात, पण तुमच्याबद्दल बोलताना अजून सावरून बसतो. मी माझं म्हणणं मांडलं. तो म्हणाला, "ताई, तुमच्या बापसाबद्दल आदर हाय. पण हे गुरुजींनी ठरवलेलं. लढाईत मेला तो वेगळा, अपघातात मेला तो वेगळा."

"अपघात झाला तेव्हा ते काय सहलीला गेले होते का?"

"तसं नाय. पण एकदा दार उघडलं का कुठं थांबायचं? उद्या कुणी म्हनंल माझा बाप कारखान्यात स्फोटात गेला, त्याचं नाव घ्या."

"घ्या ना. कोण अडवतंय? वर्षातून एक दिवस आहे, एक फळा आहे. जागा कमी पडली तर मी दुसरा फळा देते."

मग एकानं तोडगा काढला. मधल्या जेवणाच्या सुट्टीत वेगळी श्रद्धांजली ठेवू, तेव्हा बाबांचं नाव घेऊ. त्याला वाटलं मी खूश होईन. मी म्हटलं, "ते जेवण घेऊन जात होते म्हणून जेवणाच्या सुट्टीत का?" अध्यक्षानं तुमच्या फोटोकडे बोट केलं, तो शाळेच्या भिंतीवर असतो हल्ली, आणि म्हणाला, "त्यांनी नाय म्हटलंय. आता ते हो म्हनायला येणार हायत का?" मी उठताना म्हटलं, "नाही म्हणायलाही येणार नाहीत." गाळ्यावर आले आणि बावीस टी-शर्ट छापले, चार नावांचे. छापायच्या आधी कॅप्टनला फोन करून सांगितलं, चार छापतेय, नको असतील तर बनियनवर खेळा. तो म्हणाला, "मला लार्ज."

सव्वीसला सकाळी दोन गठ्ठे घेऊन मी रिक्षानं गावात उतरले. मैदानावर मांडव, फ्लेक्स, त्यावर वर तुम्ही आणि खाली ती तीन नावं, आणि माइकसमोर खुर्चीत शाळेतून आणलेला, हार घातलेला तुमचा फोटो. अध्यक्षानं गठ्ठा सोडला, एक टी-शर्ट उलटा करून पाहिला.

"हे चार हायत."

"गुरुजींनी मोजायला बरं शिकवलंय तुम्हाला."

त्यानं टी-शर्ट परत गठ्ठ्यात टाकला. पोरं इकडेतिकडे बघत उभी. कॅप्टननं पुढे येऊन आपला काढून घेतला आणि अंगात घातला. मग वाड्यांच्या अकराही जणांनी घातले. गावची पोरं आपापल्या शर्टात राहिली, अध्यक्षाच्या तोंडाकडे बघत. अध्यक्ष माइकपाशी गेला आणि त्यानं नावं वाचली. एक, दोन, तीन. अगदी तुमच्यासारखी, मध्ये तेवढाच वेळ थांबून. मग कागदाची घडी घातली आणि म्हणाला, आता सर्वांनी दोन मिनिटं. मी म्हटलं, थांबा. आणि माइकपाशी गेले. त्यानं माइक सोडला नाही. आम्ही दोघं म्हातारपणाकडे झुकलेली माणसं, एक माइक दोघांच्या हातात, सगळं गाव बघतंय. तो हळू आवाजात म्हणाला, पण माइक चालू होता, "ताई, शोभा करू नका. गोळी खाऊन मेलेल्यांचा मान हाय हा."

तेव्हा मांडवातून आवाज आला. "आमचा पन गोलीनं नाय मेला."

ती फळ्यावरच्या पहिल्या नावाची बायको होती. पंचाहत्तरी उलटलेली. दरवर्षी तिला पुढच्या खुर्चीत बसवतात, शाल देतात, ती शाल घडी न मोडता मांडीवर ठेवून सामना संपेपर्यंत बसून राहते. तिला बोलताना मी कधी ऐकलेलं नव्हतं. अध्यक्ष म्हणाला, "आजी, काय बोलताव? गुरुजींनी सोता तार वाचली व्हती."

"व्हय, तेंनीच वाचली." ती खुर्चीचा हात धरून उभी राहिली. "मना सांगलान, वहिनी, तुमचा मानूस लढता लढता गेला. नि तारंत व्हती कावील. दवाखान्यात गेला तो, लढाई लागायच्या आदी. सासऱ्याला गुरुजींनी खरं सांगलान, वर म्हनाले, पोरीला कलू देऊ नका. सासऱ्यानं मरताना मना सांगलान. मी गप ऱ्हायले. इतकी वर्सं हार घेतला, शाल घेतली." तिनं माझ्याकडे पाहिलं. मग अध्यक्षाकडे. "आता हिच्या बापसाचं नाव घ्या. नाय तं माज्या मानसाचं बी काढा."

अध्यक्षाच्या हातातला माइक सैल झाला. त्यानं तो मला दिला असं मी म्हणणार नाही, पण तो माझ्या हातात आला. मी बाबांचं पूर्ण नाव वाचलं. मग म्हटलं, लंगरी, लढाई थांबल्यावर आठव्या दिवशी, चौकीवर जेवण नेताना, बर्फात. जे घडलं तेवढंच. शहीद म्हटलं नाही, वीर म्हटलं नाही. दोन मिनिटं सगळे उभे राहिले, अध्यक्षही. त्यानंतर गावच्या नऊ जणांनी टी-शर्ट घातले. दोघांनी नाही घातले. आणि सामना झाला. वाड्या हरल्या, अकरा धावांनी. शेवटच्या ओव्हरीला कॅप्टन धावचीत झाला, उगाच दुसरी धाव घेताना. मला इतका राग आला त्याचा.

आता आपल्या दोघांचं. घरी परत येताना रिक्षात मी तुमच्यावर इतकी चिडले होते, की तुम्ही समोर असतात तर काय केलं असतं सांगता येत नाही. तुम्ही खोटं बोललात म्हणून नाही. तेव्हा तुम्ही पंचविशीचे असाल, नोकरीवर नव्यानं आलेले, हातात तार, समोर वीस-बावीस वर्षांची बाई. कावीळ हा शब्द तुमच्या तोंडून निघाला नसेल. मी तुमच्या जागी असते तर माझ्याही निघाला नसता. पण मग आमच्या घराचा कागद आला, तेव्हा अचानक तुम्हाला खऱ्याची एवढी चाड कुठून आली? मी दोन उत्तरं शोधली. एक असं, की त्या एका खोट्यानं तुम्हाला आतून पोखरलं असेल आणि दुसरं बोलायची हिंमत उरली नसेल, म्हणून एवढा कडक नियम केलात. दुसरं असं, की तिचं घर गावात होतं आणि आमचं ओढ्यापलीकडे. तुम्ही आमच्याकडे जेवलात हे खरं आहे. त्यामुळे दुसरं उत्तर खोटं ठरत नाही. माणूस ताटाला बसतो आणि तरीही फळ्यावरची जागा त्याच्या मनात आधीच वाटलेली असते. दोन्ही खरं असेल. मी याचा निकाल लावत बसणार नाही, आणि तुमच्या वतीनं कोणी लावलेला ऐकूनही घेणार नाही. एवढंच सांगते, की त्यांच्यासाठी तुम्ही मनातलं लिहिलंत. आम्हाला तर मनातलं नकोच होतं, गुरुजी. आम्हाला घडलेलंच लिहून हवं होतं. ते जसं घडलं तसं पुरेसं होतं. तुम्ही ते खोडलंत, आणि बारा वर्षांच्या मुलीला त्यावर धडा दिलात. ते मी माफ करत नाही. तुम्ही मेलात म्हणून तर मुळीच नाही.

पुढचंही सांगून टाकते. आठ दिवसांनी अध्यक्षाचा फोन आला. म्हणाला, गुरुजी असते तर तुम्ही असं केलं नसतं. मी म्हटलं, असते तर त्यांच्यासमोरच केलं असतं, वीस वर्षं आधी. तो म्हणाला, पेंटर आलाय बोर्डावर चौथं नाव घालायला, बापसाच्या नावात वेलांटी पहिली का दुसरी? मी सांगितली. पहिल्या तिघांच्याच मापाची अक्षरं काढायची, हेही सांगितलं. तो म्हणाला, हो, तेवढीच. त्याच्या मागे तरुण पोरांचा गलका ऐकू येत होता. त्यांचं म्हणणं, मास्तर खोटं बोलला, तर त्याचा फोटो शाळेतून काढा. कॅप्टनही त्यांच्यातच होता. मी म्हटलं, फोन त्याच्याकडे द्या. आणि त्याला सांगितलं, फोटोला हात लावायचा नाही. तो म्हणाला, मावशी, तुम्हीच तर भांडलात त्यांच्याशी. मी म्हटलं, मी भांडले, तू नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. मापांच्या वहीत घालून ठेवीन. एक गोष्ट मात्र कोणाला सांगितलेली नाही, ती इथे लिहिते. मी नाव वाचत होते तेव्हा मांडवातल्या बायका डोळे पुसत होत्या. त्यांना वाटलं असेल, हिला बाप दिसतोय. बाबा मला आठवतच नाहीत. एक फोटो आहे तेवढाच, आणि त्यांचा आवाज कसा होता हे विचारायला आता आईही नाही. मी तुमच्या फोटोकडे बघून वाचत होते. आणि वाचून झाल्यावर माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की उच्चार स्पष्ट झाला की नाही, गुरुजींना ऐकू गेला की नाही.